मदत हवी आहे: इंदूर निगमच्या जमीनखरेदीचा दर कुठल्या कागदावर मिळेल?

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीलगत नवा रस्ता होतोय आणि त्यासाठी निगम (इथली महापालिका) खासगी जमीन घेणार असं कानावर आलंय. तक्रार काही नाही. रहिवाशांच्या बैठकीत जो तो वेगळाच आकडा सांगतो, म्हणून कागद हवा आहे.

राज्याच्या टेंडर पोर्टलवर रस्त्याचं काम आणि अंदाजित खर्च सापडला, जमिनीचा मात्र उल्लेख नाही. पार्षदांना (नगरसेवकांना) विचारलं. विषय एमआयसीत (मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौरांच्या समितीत) मंजूर झालाय म्हणाले, पण प्रत त्यांच्याजवळ नाही. कलेक्टर गाइडलाइनचा दर (पुण्या-मुंबईकडे ज्याला रेडी रेकनर म्हणतात तो) काढून ठेवलाय.

2013 च्या भूसंपादन कायद्याने संपादन झालं तर भरपाईच्या रकमेवर 100 टक्के सोलेशियम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम) लागतं. आपसी संमतीने खरेदी असेल तर हिशेबच बदलतो. म्हणून जमीन यातल्या कुठल्या मार्गाने घेतायत हे आधी कळायला हवं.

आता 10 रुपये भरून हिंदीत आरटीआय लावतोय. उत्तराला 30 दिवस जाणार, तेव्हा मोघम अर्ज करून चालणार नाही. ज्यांनी असे कागद काढलेत त्यांनी सांगावं: ठराव क्रमांक माहीत नसताना अर्जात नेमकं काय मागायचं, आणि तो निगम मुख्यालयात द्यायचा की कलेक्टर कचेरीत भूअर्जन अधिकाऱ्याकडे?