खुल्या कोळसा खाणीवरच्या इमारती पक्क्या असाव्यात की हलवता येण्याजोग्या?

वर्धाकाठचा (धागाकर्ता)

वर्धा खोऱ्यातल्या अनेक खुल्या खाणींचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते. त्यांच्या काठावरची हाजरीघरे, भांडारे, कॅन्टीन आणि कार्यालये मात्र पन्नास वर्षे टिकावीत अशा बेताने विटा-सिमेंटात बांधली जातात. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर पाया पुरेसा खोल नसेल, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ती दरवर्षी बुजवली जाते, पुढच्या पावसात तिथेच उघडते आणि दोष सुरुंगाला दिला जातो.

मूळ अडचण जागेची आहे. 2017 च्या कोळसा खाण विनियमांनुसार सुरुंगाच्या जागेपासून 500 मीटरचा परिसर धोक्याचा मानला जातो, आणि खुल्या खाणीत कामाची जागा सतत पुढे सरकत असते. त्यामुळे पक्की इमारत खाणीजवळ बांधली तर काही वर्षांत ती या परिघात येते आणि तिच्याखालचा कोळसाही अडकून पडतो. दूर बांधायची म्हटले तर कोळसा नसलेली जास्तीची शेतजमीन घ्यावी लागते. म्हणून माझे मत असे की खाणीवरच्या बहुतेक इमारती पोलादी सांगाड्याच्या, उष्णतारोधक पत्र्यांच्या आणि उचलून नेता येतील अशा असाव्यात.

राजूरकर

आपला हिशेब जमिनीचा आणि सिमेंटचा आहे. त्या इमारतीत बसणाऱ्या माणसाचा त्यात कुठेच उल्लेख नाही. खाणीवर ‘तात्पुरते’ म्हणून जे उभे राहते, ते बहुतेक वेळा ठेका कामगारांच्या वाट्याला येते, हे आपणही पाहिले असेल. कंपनीच्या कायम कामगाराला स्नानगृह, कॅन्टीन आणि पंख्याखालचे विश्रांतिगृह मिळते. ओबी (कोळशावरचा माती-दगडाचा थर) काढणाऱ्या ठेकेदाराच्या डंपरचालकाला मात्र जुना मालवाहू कंटेनर, त्याला कापून बसवलेली एक खिडकी आणि बाहेर उन्हात ठेवलेला पाण्याचा ड्रम. चंद्रपूर-वणी पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्या कंटेनरच्या भिंतीला हातही लावता येत नाही आणि माणसे डबा खायला डंपरच्या सावलीत बसतात. उभ्या डंपरखाली बसणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

या सोयी म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. कोळसा खाणींतल्या स्नानगृहांसाठी 1959 पासून स्वतंत्र नियम आहेत. 1952 च्या खाण कायद्यात 250 पेक्षा अधिक माणसे असलेल्या खाणीवर कॅन्टीनची तरतूद होती; 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा 100 वर आणला आणि त्यात ठेका कामगार स्पष्ट शब्दांत धरले. इमारत पक्की असली की ती नकाशावर येते, मालमत्तेच्या यादीत लागते आणि निरीक्षकाला दिसते. हलवता येणारी खोली तपासणीच्या दिवशी कुठेही असू शकते.

साइडिंगवाला

दोघांनीही साठवणुकीचा विषय बाजूला ठेवला आहे, आणि माझ्या मते बाकी सगळ्याची जागा तिथेच ठरते. रेल्वेच्या एका मालगाडीत सुमारे 4,000 टन कोळसा जातो. तेवढा भरण्यासाठी सायलो (वरून गाडीत कोळसा सोडणारी उंच कोठी), त्याला कोळसा पोहोचवणारे पट्टे आणि खाली रुळांची वळणे उभारली की ती रचना कोणीही हलवू शकत नाही. काटाघर, प्रयोगशाळा, वीज उपकेंद्र ही त्याच रचनेभोवती बसतात. म्हणजे ‘सगळे हलते ठेवा’ हा आग्रह पहिल्याच पायरीवर अडखळतो.

सायलो झाला की उघडा स्टॉकयार्ड (कोळशाच्या ढिगांचे आवार) संपेल, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. आपल्या खोऱ्यातला कोळसा कमी प्रतीचा आणि आपोआप तापणारा आहे. मालगाडी वेळेवर आली नाही आणि सायलोत तो फार दिवस राहिला, तर आत धग धरतो आणि मग रिकामा करणे हेच मोठे संकट होऊन बसते. सायलो हे भरण्याचे साधन आहे. साठा उघड्यावरच राहतो. तिथे ढीग फार उंच होऊ न देणे, थर डोझरने दाबून आत हवा शिरू न देणे, आधी आलेला कोळसा आधी उचलणे आणि पाणी मारणे हे रोजचे काम असते. पहाटे ढिगाच्या उतारावरून वाफ निघताना दिसली की आतली आग आधीच सुरू झालेली असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्गुससारख्या ठिकाणी लोकांच्या अंगणात धूळ येते ती साठ्यातून आणि रस्त्यातून. हाजरीघर विटांचे आहे की पत्र्याचे, याने तिच्यात काडीचाही फरक पडत नाही.

नागपूरकर

बारूदघराला (स्फोटके ठेवण्याच्या मॅगझिनला) या वादातून सरळ वगळावे. मोठ्या खुल्या खाणींत आता मुख्य स्फोटक टँकरने येऊन सुरुंगाच्या छिद्रातच तयार होते, त्यामुळे मॅगझिनमध्ये प्रामुख्याने स्फोट सुरू करणारे डिटोनेटर आणि बूस्टर उरतात आणि तेही वेगवेगळ्या कप्प्यांत. परवाना 2008 च्या स्फोटक नियमांखाली, ठरलेल्या जागेचा आणि ठरलेल्या सुरक्षा अंतरांचा असतो. जागा बदलली की नागपुरातच मुख्यालय असलेल्या पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे) कागद पुन्हा फिरवा.

वर्धाकाठचा

सायलो आणि बारूदघर पक्के राहावेत, यावर माझे काही म्हणणे नाही. ‘बहुतेक इमारती’ असे मी लिहिले ते त्यासाठीच. राजूरकरांनी वर्णन केलेला कंटेनर मात्र माझ्या प्रस्तावात बसत नाही. जुना मालवाहू डबा आणि उष्णतारोधक भिंतींची, नळ-विजेची सोय असलेली जोडखोली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट, पक्के विश्रांतिगृह कामाच्या जागेपासून तीन किलोमीटर दूर असेल, तर अर्ध्या तासाच्या सुट्टीत तिथे जाणार कोण? 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या मूळ दराने बंदीकरणाची (कोळसा संपल्यावर खाण नीट बंद करण्याची) रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक केले. त्या पैशांतून पक्क्या भिंती पाडायच्या की खड्ड्याच्या काठावर माती टाकून झाडे लावायची, हेही ठरवावे लागेल.

राजूरकर

तीन किलोमीटरचा मुद्दा मान्य, पण त्यावर पाळीला सोडणारी एक गाडी पुरते. आपल्या त्या नळ-विजेच्या खोलीची अट ठेक्याच्या निविदेत कोणत्या कलमात लिहिणार आणि ती मोडल्यास बिलातून किती कापणार, तेवढे इथे मांडा. तोवर मी विटांच्या बाजूने आहे.