एअर रायफलचा ट्रिगर जड आणि अडखळत चालतो

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर):
नमस्कार. मुलीच्या सरावासाठी घेतलेल्या 4.5 मिमीच्या ब्रेक बॅरल (नळी खाली वाकवून भरायच्या) स्प्रिंग रायफलचा ट्रिगर आता इतका जड झाला आहे, की छर्रा सुटेपर्यंत नळीच्या टोकाची माशी (नेम धरायची खूण) हटकून उजवीकडे सरकते. ट्रिगरजवळचा स्क्रू फिरवून भागेल का?

उत्तर (होटगी रोड):
स्क्रूला आधी हात लावू नका. बऱ्याच रायफलींत त्याने पहिल्या टप्प्याची चाल तेवढी बदलते, वजन फारसे उतरत नाही. सामान तोलायचा हुकाचा काटा ट्रिगरला अडकवून ओढ मोजा. मात्र रायफल पक्की धरून, छर्रा भरून आणि भक्कम आडोशाकडे नळी रोखूनच, कारण रिकामी उडवली तर पिस्टन थेट समोर आदळून सील खराब होते. आकडा दर वेळी सारखाच आला, तर तो बांधणीचा स्वभाव समजावा: साध्या रायफलीत मुख्य स्प्रिंगचा सगळा जोर एकट्या सिअरवर (पिस्टन अडवून धरणाऱ्या खटक्यावर) असतो आणि बोटाला तो त्या दाबाखालून ओढून काढावा लागतो. आकडा वरखाली झाला, तर घर्षण शोधा.

प्रश्नकर्ता:
काटा कधी 2.5, तर कधी 3.5 किलो दाखवतो. घरात यंत्रमाग आहेत, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर (बार्शी):
नक्कीच असू शकतो: सुताचे तंतू आतल्या ग्रीसमध्ये अडकत असतील. रायफल कॉक केलेली (स्प्रिंग ताणलेली) नाही याची खात्री करून दस्ता उतरवा आणि ट्रिगरच्या खाचेत लाकूड घासल्याची चकाकी दिसते का, तेही पाहा. पिना मात्र काढू नका. काही रायफलींत स्प्रिंगचा ताण त्यांच्यावरच असतो. जुने ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि सिअरच्या टेकणाऱ्या कडेला मॉली (मॉलिब्डेनमयुक्त) ग्रीसचा टिपका लावा. तेल सिलिंडरमध्ये गेले, तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते. सिअरला कानस तर अजिबात लावू नका: त्याची पकड कमी झाली आणि नळी खाली वाकवलेली असताना तो निसटला, तर नळी झटक्याने वर येऊन बोटे चेचतात. छर्रा भरताना मुलीने दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलीच पाहिजे.

प्रश्नकर्ता:
सिअरच्या बुडाशी ग्रीसमध्ये भिजलेल्या सुताच्या तंतूंचा काळा गोळा निघाला. आता काटा 2 किलोच्या आसपास स्थिर आहे. स्पर्धेसाठी आणखी हलका करावा का?

उत्तर (होटगी रोड):
या रायफलीत नको. आंतरराष्ट्रीय नियमांत 10 मीटर एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही (पिस्तुलाला 500 ग्रॅमची आहे), त्यामुळे स्पर्धेच्या रायफलींचे ट्रिगर काही ग्रॅमांवर बसवलेले असतात; ती सवय क्लबच्या पीसीपी (आधीच दाबाची हवा भरून ठेवलेल्या) रायफलवरच लावा.