कोर्ट म्युझिशियन्स म्हणजे वाजंत्री, साजिंदे की कलावंत?

तापीकाठ: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अकबरनाम्यातली (अकबराच्या कारकिर्दीच्या इतिहासग्रंथातली) चित्रं आहेत, १५९०-९५ च्या सुमाराची. एकात माळव्याचा सुलतान बाजबहादूर याच्याकडच्या नर्तकी अकबरापुढे नाचतायत, सोबत वाजवणारे. शाळेच्या भिंतीवर ते चित्र लावायचंय म्हणून खाली 'दरबारातले वाजंत्री' लिहिलं, तर एक मॅडम म्हणाल्या बँडवाले वाटतात, बदला. काय लिहू?

नाना अमळनेर: अजिबात बदलू नका. आमच्याकडे लग्नात "वाजावाला उनात का?" हे पहिलं विचारतात, ते आल्याशिवाय नवरदेव मारुतीच्या पारावरून हलत नाही. वाजवणाऱ्या माणसाला खालचा समजतात म्हणून शब्द खालचा झाला, शब्दाचा काय दोष?

यावलची लेक: नाना, मान्य, पटतं, पण वाजंत्री म्हटलं की सनई, संबळ, मिरवणूक, म्हणजे उघड्यावरचं वाजवणं. हे बैठकीतले लोक. अकबराकडेही दोन खाती वेगळीच होती, ऐन-इ-अकबरीत, म्हणजे त्याच्या कारभाराची माहिती देणाऱ्या ग्रंथात, नगारखान्यात दमामे, नगारे, कर्णे, सुरना, झांजा येतात आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी निराळी, तिच्यात पहिलं नाव तानसेनचं. तिथे कलावंत म्हणजे मुख्यतः ध्रुपद गाणारे. त्या काळचाच शब्द आहे, तोच लिहा.

शुद्धमराठी: राजगायक, राजवादक हे स्वच्छ शब्द असताना फारसीकडे कशाला जायचं?

यावलची लेक: कलावंत फारसी कुठून झाला दादा? कला आपलीच ना?

नाना अमळनेर: आणि राजवादक तुमच्या घरात कोण बोलतं? वाजंत्री पण वाद्ययंत्रावरूनच आलाय असं आमचे गुरुजी सांगायचे, घ्या, झाला शुद्ध.

शुद्धमराठी: वाद्ययंत्र की वादित्र, ते आधी कोशात बघा. ऐकीव व्युत्पत्तीवर शब्द ठरवायचा नसतो.

धुळ्याचा पाहुणा: आज कलावंत म्हटलं की मुलांना सिरियलमधला नट दिसेल, आणि कलावंतीण म्हटलं की लगेच लोकांच्या भुवया वर, एकच शब्द पण बाईला लावला की वास बदलतो हे मला फार टोचतं. साजिंदे लिहा, नाचाला साथ करणारे ते साजिंदे, तमाशातही हाच शब्द आहे. जयपूर दरबारात तर ह्या खात्याला गुणीजनखाना म्हणत, किती मान आहे त्या नावात.

तापीकाठ: साजिंदे मनात होतं, पण पाचवीच्या पोरांना कळेल का?

नाना अमळनेर: पोरांना बाजबहादूर आधी सांगा. १५६१ त अकबराच्या फौजेपुढे हरला तो पळून आपल्या खान्देशातच आला, मागून अकबराचा सरदार पीर मुहम्मद बऱ्हाणपूरपर्यंत चालून आला आणि परत जाताना नर्मदेत बुडून मेला. पुढे बाजबहादूर अकबराच्याच चाकरीत गेला.

यावलची लेक: हो, आणि ऐनमधल्या त्याच गायकांच्या यादीत त्याचं नाव आहे, माळव्याचा राजा असूनही!

शुद्धमराठी: बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, खान्देशात नाही.

नाना अमळनेर: फारुकी सुलतानांची राजधानी होती ती, खान्देशची. आमची सोयरीक आहे तिथे, केळीचा बाजार एक, बोली सारखी. नकाशा कालचा आहे भाऊ.

धुळ्याचा पाहुणा: मग बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्लाही आपलाच, त्यावर वेगळा धागा काढा नाना.