नाचणाऱ्या माणसांच्या टी-शर्टचे पैसे खरंच एड्ससाठी जातात का?

ठाणेकर_आई
लेकीने टी-शर्ट आणलाय, जाड काळ्या रेघांची, बिनचेहऱ्याची लालपिवळी माणसं नाचतायत. टॅगवर कीथ हॅरिंग लिहिलंय. ती म्हणते याचे पैसे एड्सच्या कामाला जातात, मी म्हटलं विकणारे काय वाट्टेल ते सांगतात. कोणाला माहितीये का? आणि राग नका येऊ देऊ, पण चित्र मला बालवाडीतलं वाटलं 🙈

खडूफळा
लेक बरोबर आहे ताई, बऱ्यापैकी. हा न्यूयॉर्कला नाव काढलेला चित्रकार, जन्म 1958 चा. तिथल्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत, जाहिरातीची जागा रिकामी असली की काळा कागद लावून ठेवायचे, हा पठ्ठ्या त्यावर पांढऱ्या खडूने भराभर चित्र काढून मोकळा, पोलिसांनी धरला पण कितीदा. खोडाखोडीला वेळ कुठे, म्हणून रेघ अशी एका दमातली. 1988 ला एड्सचं निदान झालं, 1989 ला त्याने फाउंडेशन काढली, एड्ससाठी आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत करायला, आणि फेब्रुवारी 1990 ला गेला, फक्त 31 वर्षांचा होता. आता कंपन्या चित्र वापरायचं लायसन घेतात त्याची फी फाउंडेशनला जाते. टी-शर्टची अख्खी किंमत नाही हां.

उपाशी_बोका
आमच्या स्टेशनबाहेर हेच 150 ला मिळतात, त्यातलं काय जातं?

खडूफळा
विकणाऱ्याच्या पोटात जातं, तेही काही वाईट नाही 😄

रात्रपाळी
बालवाडीवरून आठवलं. पॅरिसला नेकेर म्हणून मुलांचं हॉस्पिटल आहे, तिथल्या जिन्याचा 27 मीटर उंच टॉवर याने 1987 मध्ये बाहेरून रंगवून दिला, भेट म्हणून. पुढे शेजारची बिल्डिंग पाडली पण टॉवर तेवढा ठेवला आणि रंग नीट करून घेतला. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आमच्या भिंतीवर एक बदक आहे, चोचीचा पोपडा उडालाय. सुई टोचताना पोराला विचारते, अरे याची चोच कोणी नेली, तो शोधेपर्यंत माझं काम झालेलं असतं. तिथे बारीक नक्षीकामाचा काय उपयोग, असलीच चित्रं हवीत.

ठाणेकर_आई
बालवाडी शब्द मागे घेतला. लेकीला सगळं वाचून दाखवलं तर म्हणे ते ठीक आहे, तू आधी तो मशीनमधून बाहेर काढ, रंग जाईल.

उपाशी_बोका
उलटा करून गार पाण्यात धुवा.