मदत हवी आहे: शेताच्या पडीक पट्टीवर तितर, लावे यावेत म्हणून फीडर लावू का?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे, चोरलकडे आमची थोडी शेती आहे. सोयाबीन आणि गहू-हरभरा, बटाईनं दिलेली. नाल्याकाठची पट्टी मुरमाड आहे, तिथे पीक कधीच धड येत नाही. ती यंदापासून पाखरांना सोडायची असं घरात ठरलंय. (आईची अट: साप वाढले तर तुझं तू निस्तर.)

मुलानं यूट्यूबवर अमेरिकेतले फीडर पाहिलेत. तिकाटण्यावर पिंप, खाली टायमर, ठरल्या वेळी मका उधळतो आणि हरणं येतात. तिकडे बऱ्याच ठिकाणी ते शिकारीसाठीच वापरतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यात आमिष दाखवणंसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. मला कुणाला मारायचं नाही. कॅमेरा लावून तितर, लावे, मोर, जमल्यास ससा बघायचाय, बस.

पण मका उधळला की पहिले येणार घोडारोज (नीलगाय) आणि डुक्कर. तितर नंतर, उरलं तर. शेजारच्या काकांचा हरभरा घोडारोज आधीच खातात, त्यात मी आमंत्रण दिलं तर आमचं बोलणं बंद होईल. डुकरांमागे बिबट्या आला तर आणखी वेगळीच कटकट, सिमरोलच्या बाजूला तो आहेच. मग पैसा फीडरवर घालू की गवत, झुडपं आणि पाण्यावर? पट्टीत घाणेरी (लँटाना) माजली आहे, ती एकदम काढावी का?

प्रतिसाद (महू): फीडर नको. पावसाळ्यात डब्यातला मका दमट होऊन बुरसतो. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन पाखरांना मारतं. शिवाय रोज एकाच जागी गर्दी झाली की रोग पसरतो, अमेरिकेतसुद्धा हरणांच्या क्षयरोगासारख्या आजारांमुळे काही राज्यांनी असं खाऊ घालणं बंद केलंय. दाणाच हवा तर बांधाजवळ ज्वारीच्या चार ओळी पेरा आणि कापूच नका. सोयाबीन येण्याआधी माळव्यात ज्वारीच तर होती. बटाईदाराला मात्र आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तो कडब्यासाठी कापून नेईल. आणि औषध लावलेलं उरलेलं बियाणं बांधावर सांडू देऊ नका, त्यानं मोर मरतात.

प्रतिसाद (ग्वाल्हेर): घाणेरी एकदम उपटू नका, आज तितराला लपायला तेवढीच जागा असेल. एक तुकडा काढा, तिथे करवंद आणि गावठी बोर लावा, ते वाढलं की पुढचा तुकडा. गाजरगवत मात्र फुलायच्या आधीच उपटा, हातमोजे घालून. मोकळ्या जागी मारवेल आणि पवन्या ही गवतं येऊ द्या. तितराची पिलं सुरुवातीला दाण्यावर नाही, किड्यांवर वाढतात. त्यामुळे पट्टीला लागून असलेल्या सोयाबीनच्या काही ओळींवर फवारणी टाळली तर फीडरपेक्षा जास्त उपयोग होईल. गवत दिवाळीनंतर कापा, तेही निम्मंच. पावसाळ्यात त्यात अंडी असतात.

धागाकर्ता: फीडर रद्द! मुलगा फुगून बसलाय, त्याला कॅमेऱ्याचं खातं दिलंय. फवारणीचं बटाईदाराशी बोललो, तो म्हणतो तेवढ्या ओळींचं नुकसान तुम्ही भरा. ठीक आहे, भरतो. आता पाण्याचं राहिलं. उन्हाळ्यात नाला कोरडा पडतो. जमिनीलगत सिमेंटची उथळ कुंडी करायची आहे. घोडारोज तिथेही येणार, पण पाणी पिऊन गेले तर काकांची हरकत नाही. उतार किती ठेवला की लाव्याचं पिलू पाण्यात बुडणार नाही? आणि शेतावर रोज कुणी नसतं, तर पाणी बदलायचं कसं जमवता तुम्ही लोक?

प्रतिसाद (महू): एक बाजू अगदी उथळ, पाण्याच्या आत हळूहळू उतरत जाणारी ठेवा आणि पृष्ठभाग खरखरीत राहू द्या. मध्ये दोन-तीन दगड टाका, पाण्याच्या वर डोकी काढणारे. बाकी बटाईदाराच्या बायकोला महिन्याचे काही पैसे ठरवून द्या. आम्ही तेच केलंय.