टाकीच्या पाण्यातल्या तारेला टेस्टर पेटतोय, काय करू?

नमस्कार मंडळी. टाकी किती भरली ते दाखवणारं साधं सर्किट केलंय. तीन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, तीन एलईडी आणि पाण्यात सोडलेल्या चार तारा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर मस्त चालायचं, पण सारखी बॅटरी बदलायचा कंटाळा आला. म्हणून २३० व्होल्टला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये टाकला, पुढे एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज आणि व्होल्टेज १२ वर धरून ठेवणारा झेनर डायोड. मीटरवर बरोबर १२ येतात.

काल सहज पाण्यातल्या तारेला टेस्टर लावला तर चक्क पेटला! प्लग दोन पिनांचा आहे, उलटा घातला तर विझला. मग प्लगवर खूण करून तसाच ठेवला तर चालेल का? शिवाय प्लग काढल्यावर पिनांना बोट लागलं आणि सणसणीत झटका बसला. तो कुठून आला? ट्रान्सफॉर्मर डब्यात मावत नाही. जाणकारांनी सांगावं.

उत्तर : आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

मीटरवरचे १२ व्होल्ट सर्किटच्या दोन टोकांमधले. जमिनीच्या हिशेबाने अख्खं सर्किट फेजवर बसलंय, आणि टाकीतलं पाणीही. प्लग उलटा केला की कपॅसिटर फेजच्या बाजूला येतो, म्हणून टेस्टर विझतो. पण न्यूट्रल कुठे सुटली की पाणी पुन्हा जिवंत. तेव्हा कपॅसिटर मध्ये असूनही ५० हर्ट्झला त्यातून साधारण ३४ मिलिअँप जाऊ शकतात. घरातली आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपला पडते, ती उगाच नाही. खूण-बिण विसरा.

झटका कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जचा, तो ३२५ व्होल्टपर्यंत असू शकतो. त्याला समांतर १ मेगओहमचा रेझिस्टर हवा होता. आता लावत बसू नका. कपॅसिटरने व्होल्टेज उतरवायची ही पद्धत बंद डब्यातल्या दिव्यापुरती ठीक, पाण्यात तारा सोडायच्या सर्किटला नाहीच.

मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर वापरा. त्याच्या आतही सर्किटला २३० व्होल्टपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर असतो, फक्त इवलासा. एलईडीचे रेझिस्टर १ के असतील तर ३३० ओहमचे करा.

प्रश्नकर्ता : चार्जर लावला. टेस्टर अजून अगदी मंद लुकलुकतोय!

उत्तर : बहुतेक आतल्या वाय कपॅसिटरमुळे, म्हणजे चार्जरच्या २३० आणि ५ व्होल्टच्या बाजूंमध्ये जोडलेल्या छोट्या कपॅसिटरमुळे. त्यातून मायक्रोअँपमध्येच करंट येतो, पण टेस्टरच्या निऑन दिव्याला तेवढा पुरतो. चार्जरवर एकात एक दोन चौकोनांची, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे ना, बघा. मात्र चार्जर आतून बिघडला असेल तर तेही टेस्टरवरून कळणार नाही. शंका राहणार असेल तर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरच घ्या आणि वेगळ्या डब्यात, टाकीपासून लांब बसवा. प्रायमरीला, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, फ्यूज टाका.