रेडिएटरच्या कडेच्या फोमपट्ट्या आणि बंपरखालचं कव्हर काढल्याने घाटात गाडी तापते का?

जांभाचिरा:
२०१४ ची डिझेल सात-सीटर. रेडिएटरचा पंखा बेल्टवर चालणारा, व्हिस्कस क्लचचा (तापल्यावरच पंख्याला जोराने फिरवणारा क्लच). मार्चमध्ये रेडिएटर बदलला. त्या कामात रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फोमपट्ट्या, बोनेटच्या पुढच्या कडेखालची रबर बीडिंग आणि बंपरखालचं प्लास्टिक कव्हर परत बसवलं गेलं नाही. क्लिपा तुटल्या होत्या आणि "त्याने काही फरक पडत नाही" असं सांगितलं गेलं.

स्कॅनरवरचे आकडे: सपाट हायवेला ताशी ८०, एसी चालू, कूलंट ९१ ते ९३ अंश. चिपळूणहून कुंभार्ली चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, आत पाच माणसं, तर १०६ पर्यंत जातं आणि एसी आपोआप कट होतो. एसी बंद ठेवला तर ९९ च्या पुढे जात नाही. कूलंट आणि पाणी ५०:५०, थर्मोस्टॅट नवा, रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं नवं, गळती नाही.

विचारायचं आहे ते असं. या पट्ट्या आणि कव्हराचा खरंच एवढा परिणाम होतो का? बोनेटच्या बिजागरीखाली वॉशर टाकून मागची बाजू उचलावी असं काही जण सांगतात, ते करावं का? आणि प्लास्टिकच्या कव्हराऐवजी लोखंडी प्लेट लावली तर चालेल का? आमच्याकडे कातळावरचे रस्ते आहेत, प्लास्टिक टिकत नाही.

रापण:
तुमच्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. ८० ला ठीक आणि २५ ला तापते, म्हणजे संशय पंख्यावर आणि पंख्याच्या हवेच्या वाटेवर. रेडिएटरची जाळी आतून चोंदली असती तर हायवेलाही काटा चढलेला दिसला असता.

पट्ट्यांचं काम असं आहे. घाटात गाडी हळू असते तेव्हा हवा पुढून ढकलली जात नाही, पंखा ती मागून ओढतो. पंख्यापुढे दाब कमी, पंख्यामागे इंजिनच्या बाजूला जास्त. मागची हवा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर या दोन्हींची उष्णता घेऊन आलेली, ७० अंशांच्या वर सहज. कडेला फट असेल तर हीच गरम हवा फटीतून पुढे येते आणि कंडेन्सरमधून पुन्हा आत ओढली जाते. रेडिएटरला बाहेरची ३४ अंशांची हवा मिळायला हवी, त्याला ४५–५० ची मिळते. कूलंट ९५ आणि हवा ३४ असताना ६१ अंशांचा फरक उष्णता बाहेर काढतो. हवा ४९ ची झाली की फरक ४६ उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद साधारण पाव भागाने गेली. एसीचं हेड प्रेशरही (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) याच कारणाने चढतं, मग कॉम्प्रेसर इंजिनवर आणखी भार टाकतो.

फट लहान दिसते म्हणून सोडून देऊ नका. समजा जाळी ६५० × ४०० मिमी, बाजूंना १२ मिमी आणि वर १५ मिमी फट. क्षेत्रफळ होतं १९० चौ. सेंमी.च्या थोडं वर, जाळीच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. पण जाळीतून जाताना हवेला दोन थरांच्या पत्र्यांमधून वाट काढावी लागते आणि फटीत अडवायला काहीच नसतं. त्यामुळे फटीतून जाणारा वाटा साडेसात टक्क्यांपेक्षा बराच मोठा असतो.

कोकणातून वर चढणाऱ्या घाटांना आणखी एक अडचण आहे. कुंभार्ली, आंबा, फोंडा, सगळीकडे तोंड मोटामोटी पूर्वेला आणि दुपारचा वारा समुद्रावरून, म्हणजे पाठीमागून. गाडी २० ने चढते आणि वारा १५ ने मागून येतो, तर ग्रिलला हवा लागते ५ ची. बोनेटखालून बाहेर पडलेली गरम हवाही मागे न जाता गाडीबरोबरच पुढे सरकते. अशा वेळी पट्ट्या नसणं सगळ्यात जास्त भोवतं. सकाळी लवकर चढून बघा, आकडा खाली आलेला दिसेल.

काही विकत घेण्याआधी तपासणी करा. गाडी मोकळ्यावर उभी करा, एसी पूर्ण, १० मिनिटं आयडल. तारेच्या प्रोबचे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एक सावलीत, दुसरा कंडेन्सरच्या पुढे दोन बोटं अंतरावर, ग्रिलला बांधून. फरक ४–५ अंश असेल तर ठीक. १० च्या वर गेला तर गरम हवा फिरून येते आहे. कुठून येते ते बघायला उदबत्ती पेटवून फटीच्या कडेने फिरवा, धूर मागून पुढे सरकताना दिसेल. बेल्ट आणि पंख्यापासून हात, ओढणी, बाही लांब. डिझेलची गळती असेल तर उदबत्ती नकोच.

मग खोक्याचा पुठ्ठा आणि कापडी टेप लावून सगळ्या फटी तात्पुरत्या बंद करा आणि पुन्हा मोजा. पुठ्ठा पंख्याच्या बाजूला सुटून येणार नाही असा, पुढूनच लावा.

वायंगणी:
रापण यांच्याशी सहमत. बोनेटच्या वॉशरबद्दल मी लिहितो, कारण ती सूचना आपल्याकडे फार फिरते.

काचेच्या तळाशी, वायपरजवळ, गाडी वेगात असताना हवेचा दाब वाढलेला असतो. म्हणून तर केबिनच्या ताज्या हवेचं तोंड तिथे ठेवतात. तिथे बोनेट उचललं तर वेगात हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसू शकते, इंजिनच्या जागेतला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला पुढे जायला जागा उरत नाही. उभ्या गाडीत गरम हवा थोडी वर निघून जाते हे खरं, पण तीच हवा, इंजिनच्या वासासकट, ब्लोअरमधून केबिनमध्ये येते. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस आडवा येतो. ते पाणी मागच्या बाजूच्या वायरिंगवर आणि कनेक्टरवर पडणार. बिजागरी उचलली की पुढच्या कुलुपावरही बोनेट वाकडं बसतं. नका करू.

बोनेटची मागची बीडिंग धूर केबिनमध्ये येऊ नये म्हणून, आणि पुढची बीडिंग रेडिएटरसाठी. तुमची पुढचीच गेली आहे. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरून गरम हवा पुढे सरकायला ती सगळ्यात रुंद वाट असते, म्हणून सुरुवात तिथून करा. इंजिनवरचं काळं शोभेचं कव्हर काढून कूलंटवर काही परिणाम होत नाही. ते आवाजासाठी आणि इंजेक्टरांवर धूळ-पाणी पडू नये म्हणून असतं, राहू द्या.

कातळसडा:
फोमचं काम मी नेमकं सांगतो, कारण चुकीचा फोम लावला तर दोन पावसाळ्यांत रेडिएटरची चौकट गंजते.

गादीचा किंवा सोफ्याचा फोम अजिबात नको. तो पाणी धरून ठेवतो, आणि किनाऱ्यालगतच्या गाडीत ते पाणी खारट असतं. बंद पेशींचा फोम हवा. ईपीडीएम रबराचा मिळाला तर उत्तम. नाही तर एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात तो काळा नायट्राइल रबर फोम, शीटमध्ये ९, १३ आणि १९ मिमी जाडीत मिळतो. फट मोजा आणि साधारण दीडपट जाडी घ्या, म्हणजे बसल्यावर एक तृतीयांश दबला पाहिजे: ८ मिमी फटीला १३ मिमी, १२ ला १९. रुंदी २५ मिमी पुरते. तुमच्या मापाच्या रेडिएटरला अडीच मीटर पट्टी घ्या. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फटही बाजूंनी बंद करायची असते, ती बरेच जण विसरतात. त्यासाठी वेगळी दोन मीटर.

पत्रा आधी ब्रशने साफ, गंज असेल तर घासून प्रायमर, मग स्पिरिटने पुसून रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावा आणि हाताला चिकट लागेनासं झालं की दाबा. चिकटवायचं ते चौकटीला किंवा बाजूच्या टाकीला, जाळीच्या पत्र्यांना कधीच नाही. खालच्या बाजूला दोन ठिकाणी बोटभर जागा सोडा, पाणी आणि लाल माती निघून गेली पाहिजे. फवाऱ्याचा फुगणारा फोम किंवा सिलिकॉन भरू नका. रेडिएटर रबरी बुशांवर थोडा हलतो, तो जखडला की टाकीच्या जोडाला चीर जाते.

फोम लावायच्या आधी जाळी धुऊन घ्या, इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या दाबाने. दिवाळीच्या आसपास कुसळं आणि किडे गच्च बसलेले असतात. किनाऱ्याजवळच्या गाडीत पत्रे नखाने पांढरी भुकटी होऊन गळतात का बघा; गळत असतील तर फोमने काही होणार नाही. ग्रिलवर मच्छरजाळी बांधली असेल तर सोडा.

रापण:
कव्हर आणि प्लेटबद्दल राहिलं होतं.

बंपरखालच्या कव्हराचे दोन भाग समजा. पहिला बंपरपासून रेडिएटरच्या खालच्या पट्टीपर्यंत, वीतभर. रेडिएटरमधून खाली पडलेली गरम हवा रस्त्यावर आपटून बंपरखालून पुन्हा पुढे येते, ती हा भाग अडवतो. घाटात महत्त्वाचा हाच. दुसरा भाग इंजिनखालचा. गाडीखालची वेगातली हवा इंजिनच्या जागेत वर चढू न देणं हे त्याचं काम, म्हणून तो हायवेला लागतो. अल्टरनेटर आणि बेल्टवर चिखल उडत नाही हा फायदा वेगळा.

पुढे रबरी ओठ असेल तर तोही जपा. त्याच्यामागे कमी दाबाची जागा तयार होते आणि गरम हवा खाली ओढली जाते. गतिरोधकावर तो फाटतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

लोखंडी प्लेट चालेल, पण अखंड पत्रा नको. रेडिएटरच्या मागे लगेच मागच्या दिशेने उघडणाऱ्या फटी हव्यात, आणि मूळ कव्हराला जेवढी भोकं असतील तेवढी जागा तरी मोकळी हवी. तेल बदलायच्या बोल्टखाली वेगळं भोक. अखंड प्लेटने गरम हवेची खालची वाट बंद होते आणि पुढे पट्ट्या कितीही छान लावल्या तरी आकडा उतरत नाही. प्लेट लावली तरी तो पुढचा वीतभर भाग प्लास्टिकचाच ठेवा, नवीन क्लिपा टाकून.

जांभाचिरा:
सगळ्यांचे आभार. तपासणी केली. आयडलला एसी चालू ठेवून सावलीत ३३, कंडेन्सरपुढे ४८. पुठ्ठा लावल्यावर ३९. धूर सगळ्यात जास्त वरच्या पट्टीवरून येत होता. तोच पुठ्ठा ठेवून कुंभार्ली चढलो, कमाल १००, एसी कट झाला नाही. उरलेले दोन-तीन अंश कुठे असतील? नवा रेडिएटर जुन्यापेक्षा थोडा जाड आहे, पंख्याचं शराउड (पंख्याभोवतीचं कडं) त्यामुळे मागे सरकलेलं दिसतं.

वायंगणी:
मग शराउड बघाच. पंख्याची पाती रुंदीच्या निम्मी ते दोन तृतीयांश शराउडच्या आत असावीत. पूर्ण आत गेली तर हवा बाजूने फेकली जात नाही, घुसळत राहते. चारही बाजूंना टोकापासून १५ ते २५ मिमी अंतर, आणि ते सारखं हवं. वर जास्त, खाली कमी असेल तर इंजिनचे माउंट बसलेत. जाड रेडिएटरला शराउडच्या ब्रॅकेटखालचे वॉशर कमी-जास्त करून जागा जुळवता येते.

व्हिस्कस क्लचच्या तोंडावर बायमेटलची (दोन धातूंची, तापली की वाकणारी) पट्टी असते, ती रेडिएटरमधून आलेल्या हवेवर तापून क्लच धरते. शराउडच्या सांध्यातून बाजूची थंड हवा आत येत असेल तर पट्टी उशिरा तापते आणि पंखा उशिरा जोर धरतो. चढताना ९७–९८ च्या सुमारास पंख्याचा घोंघाट वाढला पाहिजे. वाढत नसेल तर गाडी गरम असताना इंजिन बंद करून, चावी काढून, पाती हाताने फिरवून बघा: एक पूर्ण फेरा सहज फिरला किंवा क्लचभोवती तेलाचे ओघळ असतील तर क्लच बदला. थंड रेडिएटरचंच झाकण उघडा, गरम असताना हात लावू नका.